अणु-आणीबाणीची तयारी कुंपणाबाहेर कशी उभी करायची: तारापूरचं उदाहरण

अणुभट्टीत बिघाड झाला तर तो आवरणं हे प्रकल्पाचं काम. त्याचा परिणाम कुंपणाबाहेर जाणार असेल तर मात्र लोकांना घरात थांबवायचं की हलवायचं, आयोडीनच्या गोळ्या कधी वाटायच्या, दूध कधी बंद करायचं, हे भारतात जिल्हाधिकारी ठरवतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि प्रकल्पाबाहेरच्या आणीबाणीची सूत्रंही त्यांच्याकडेच येतात. तेव्हा तयारी किती पाण्यात आहे हे बघायचं असेल, तर आधी जिल्ह्याची फाईल उघडावी.

ही माहिती तहसील, पंचायत समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, एसटी आगार, शाळा आणि ‘आपदा मित्र’ अशा लोकांसाठी आहे, ज्यांचं नाव योजनेच्या परिशिष्टात कुठेतरी असतंच. उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या तारापूरचं घेतलं आहे. तिथे १९६९ पासून चालवलेल्या १६० मेगावॉटच्या दोन आणि २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या आहेत. पद्धत मात्र काक्रापार, रावतभाटा, नरोरा, कैगा, कल्पाक्कम, कुडनकुलम, सगळीकडे जवळपास हीच.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. ‘आधी मोजू, मग ठरवू’ अशा धाटणीची योजना लोकांपर्यंत उशिरा पोचते. पहिले निर्णय भट्टीच्या अवस्थेवरून घ्यायचे असतात: गाभा थंड ठेवता येतोय का, बाहेरचं आवरण शाबूत आहे का. मोजमाप येतं ते त्यानंतर. काय झालं की कोणी काय करायचं, हे शांततेच्या दिवसात लिहून, सह्या होऊन तयार असलं पाहिजे.

साखळी: कोण कोणाला कळवतो

आणीबाणीचे तीन स्तर आहेत. परिणाम एका युनिटपुरता असेल तर प्लांट इमर्जन्सी, प्रकल्पाच्या आवारापुरता असेल तर साइट इमर्जन्सी, आणि कुंपण ओलांडणार असेल तर ऑफ-साइट. पहिले दोन स्तर प्रकल्पाचे अधिकारी जाहीर करतात. तिसरा त्यांच्या सल्ल्यावरून जिल्हाधिकारी जाहीर करतात. रंगीत तालमींचं वेळापत्रकही यावरच बेतलेलं आहे: प्लांट स्तराची दर तिमाहीला, साइटची वर्षातून एकदा, ऑफ-साइटची दोन वर्षांतून एकदा.

केंद्रात नोडल खातं अणुऊर्जा विभाग. त्याचा ‘क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप’ १९८७ पासून आहे आणि मुंबईतला त्याचा नियंत्रण कक्ष चोवीस तास चालू असतो. प्रकल्प, भाभा अणुसंशोधन केंद्र, राज्य सरकार आणि दिल्ली यांना जोडणारा धागा तोच. खूप मोठं प्रकरण झालं तर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची राष्ट्रीय समिती बसते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) ५वी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिथून पालघर गाठायचं म्हणजे घाट आणि मुंबईच्या बाहेरची वाहतूक ओलांडून यायचं, म्हणून पहिल्या काही तासांच्या हिशोबात एनडीआरएफ धरू नका. अणुऊर्जा नियामक मंडळाबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ निकष ठरवतं, तालमीला निरीक्षक पाठवतं, प्रत्यक्ष घटनेत परिस्थितीवर नजर ठेवतं. बसगाड्या कुठे पाठवायच्या हे ते सांगत नाही. तालमीत एखादा अधिकारी मंडळाच्या निरीक्षकाकडे ‘आता पुढे काय करू?’ म्हणून बघताना दिसला, तर साखळी त्याला समजलेली नाही असं समजावं.

देशाबाहेर कळवण्याचं काम १९८६ च्या दोन आंतरराष्ट्रीय करारांनुसार दिल्ली-मुंबईतून होतं. जिल्ह्याला त्यात काही करायचं नसतं.

वेळेचं गणित महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं मार्गदर्शन असं की घटना कोणत्या स्तराची हे १५ मिनिटांच्या आत ठरावं आणि त्यानंतर ३० मिनिटांच्या आत बाहेरच्या यंत्रणेला कळावं. ‘कळावं’ म्हणजे नियंत्रण कक्षात फोन वाजला एवढंच पुरत नाही. आलेला संदेश छापील नमुन्यावर लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा आणि उलट फोन करून खात्री करायची. नमुन्यात सात रकाने पुरतात: वेळ, युनिट, स्तर, किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडतोय की पडण्याची शक्यता आहे, वाऱ्याची दिशा आणि वेग, शिफारस, सांगणाऱ्याचं नाव व हुद्दा. तालमीत सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो तो चौथा रकाना. ‘गळती’ हा शब्द ऐकला की लिहिणारा पुढचं ऐकत नाही. ती गळती इमारतीच्या आत आहे की चिमणीवाटे बाहेर, याने मात्र सगळं बदलतं. मार्च २०१६ मध्ये काक्रापारच्या पहिल्या युनिटमध्ये शीतकाची, म्हणजे गाभा थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती झाली तेव्हा प्लांट इमर्जन्सी जाहीर झाली होती; बाहेरच्या कोणालाही हलवावं लागलं नाही.

नकाशा

भट्टीभोवती तीन वर्तुळं काढतात. सगळ्यात आतलं मनाई क्षेत्र, तिथे वस्ती नसते. जुन्या प्रकल्पांना ते १.६ किमीचं आहे, नियामक मंडळाच्या नव्या संहितेत किमान १ किमी. त्यापुढे ५ किमीपर्यंत लोकसंख्येची वाढ नैसर्गिक गतीपुरती राहावी असं बघितलं जातं. तिसरं १६ किमीचं आणीबाणी नियोजन क्षेत्र. या १६ किमीच्या वर्तुळाचे २२.५ अंशांचे १६ भाग पाडतात. योजनेतली प्रत्येक यादी याच भागांनुसार लावायची. तालुकानिहाय यादी इथे कुचकामी ठरते, कारण वारा तालुक्याची हद्द बघून वाहत नाही.

नकाशा करताना क्रम असा ठेवा:

१. भट्टीची चिमणी हा मध्यबिंदू. प्रकल्पाचं प्रवेशद्वार किंवा तारापूर गाव नव्हे.
२. प्रत्येक भागातली गावं आणि प्रत्येक पाडा वेगळा टाका. जनगणनेत गाव एक असतं, पण पाडे दोन-दोन किलोमीटरवर विखुरलेले असतात.
३. प्रत्येक पाड्यासमोर चार आकडे: एकूण माणसं, पाच वर्षांखालची मुलं, अंथरुणाला खिळलेली माणसं, चारचाकी वाहनं.
४. पक्क्या छताची इमारत कोणती आणि तिची किल्ली कोणाकडे.
५. स्थलांतरित मजूर. वीटभट्टी आणि मासेमारीच्या हंगामात हे आकडे पार बदलतात, म्हणून दोन रकाने ठेवा, पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा.

तारापुरात पश्चिमेचे निम्मे भाग समुद्रात जातात. नकाशावर ते निळे आणि रिकामे दिसतात, म्हणून योजनेतून सुटतात. प्रत्यक्षात घिवली, दांडी, नवापूर, आलेवाडीच्या होड्या तिथेच असतात. खोल समुद्रात मोबाइल लागत नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचं ते तटरक्षक दल, मत्स्यव्यवसाय विभाग आणि वायरलेसवरून, आणि त्यांना सांगायचं ते ‘परत या’ असं नाही. कोणत्या बंदराला लागायचं ते नाव घेऊन सांगावं लागतं, नाहीतर माणूस आपल्याच गावाकडे, म्हणजे कदाचित भट्टीतून निघालेल्या किरणोत्सारी ढगाखाली, होडी वळवतो.

वाऱ्याबाबत एक चूक इतकी नेहमीची आहे की भिंतीवर लिहून ठेवावी. वाऱ्याला नाव पडतं तो जिकडून येतो त्या दिशेचं. नैऋत्येचा वारा म्हणजे ढग ईशान्येकडे जाणार. घाईत नैऋत्येचा भाग लाल करणारे हुशार लोकही सापडतात. पावसाळ्यात तारापूरचा वारा समुद्रावरून जमिनीकडे, बोईसरच्या बाजूला असतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरचा समुद्राकडे आणि दुपारी उलटा. म्हणजे पहाटे पाचला तयार केलेली बाधित भागांची यादी दुपारी एकला चुकीची ठरू शकते. दर अर्ध्या तासाला दिशा पुन्हा विचारायची आणि बाधित भागाच्या दोन्ही बाजूंचे शेजारचे भागही कामात धरायचे.

पहिला निर्णय: घरात, गोळी की बस

लोकांसाठी सुरुवातीला करण्यासारख्या तीनच गोष्टी आहेत.

घरात थांबणं ही सगळ्यात स्वस्त आणि लगेच करता येणारी. पण ती घरावर अवलंबून आहे. विटांच्या, स्लॅबच्या बंद घरात बाहेरच्या ढगातून येणारा मारा बऱ्यापैकी कमी होतो. मोठ्या आरसीसी इमारतीत आणखी कमी. कारवीच्या कुडाच्या आणि कौलारू किंवा पेंढ्याच्या छपराच्या घरात तो जवळपास तसाच राहतो, हवा तर आरपार जाते. म्हणून पालघरच्या पाड्यांसाठी ‘घरात थांबा’ हा आदेश पुरा नाही. तिथे आदेश हवा ‘आश्रमशाळेत जा’ किंवा ‘जिल्हा परिषद शाळेत जा’, आणि ती शाळा चालत १५ मिनिटांच्या आत असावी. त्यापेक्षा लांब असेल तर त्या पाड्याला बसच्या यादीत वर घ्या.

आत गेल्यावर दारं-खिडक्या लावायच्या, पंखे, कूलर, एसी बंद करायचे, फटींना ओली फडकी लावायची. ढग पुढे सरकल्याचं कळलं की सगळं उघडून हवा खेळती करायची. ही दुसरी सूचना देणं हमखास राहून जातं, आणि लोक दूषित हवा कोंडून घेऊन बसतात. दोन दिवसांपेक्षा जास्त कोणी घरात बसून राहत नाही. पाणी, शेण-चारा, औषध यासाठी माणूस बाहेर पडतोच. त्याच्या पुढे थांबायची गरज दिसत असेल तर हलवण्याची तयारी आधीच सुरू करा.

गोळी म्हणजे स्थिर आयोडीन. आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची किंवा आयोडेटची १७० मिलिग्रॅमची. दोन्हींत आयोडीन साधारण १०० मिलिग्रॅम. थायरॉइड आधीच भरलेली असली की किरणोत्सारी आयोडीन-१३१ तिथे साठत नाही. १२ वर्षांपुढे एक गोळी, ३ ते १२ वर्षांना अर्धी, एक महिना ते ३ वर्षं पाव, नवजात बाळाला एक अष्टमांश. अष्टमांश गोळी सुरीने कापता येत नाही. ती कुटून दुधात किंवा साखरेच्या पाण्यात कालवायची आणि मापाने द्यायची. हे आशाताईंच्या हातून तालमीत एकदा तरी करून घ्या.

वेळ चुकली तर गोळी वाया जाते. ढग येण्याआधी २४ तासांच्या आत आणि आल्यानंतर २ तासांपर्यंत ती उत्तम काम करते; ८ तासांपर्यंत बरा उपयोग होतो; २४ तासांनंतर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. साठा जिल्हा रुग्णालयाच्या भांडारात ठेवणं म्हणूनच चुकीचं आहे, तो उपकेंद्रात आणि शाळेत हवा. गर्भवती, स्तनदा आणि लहान मुलं आधी. चाळिशीपुढच्यांना फायदा कमी. थायरॉइडचा आजार किंवा आयोडीनची ॲलर्जी असलेल्यांची यादी उपकेंद्रात वेगळी ठेवा. दोन गोष्टी पाठ करून घ्या: आयोडीनयुक्त मीठ खाऊन काही होत नाही, आणि ही गोळी सिझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थावर किंवा बाहेरून पडणाऱ्या किरणांवर चालत नाही. आंतरराष्ट्रीय निकष असा की पहिल्या ७ दिवसांत थायरॉइडला ५० मिलिसिव्हर्टचा (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) अंदाज असेल तर गोळी, आणि पूर्ण शरीराला १०० मिलिसिव्हर्टचा अंदाज असेल तर घरात थांबवणं किंवा हलवणं.

या बाबतीत फुकुशिमाजवळच्या मिहारू या छोट्या गावाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १५ मार्च २०११ रोजी वारा आपल्याकडे फिरतोय आणि पाऊस येतोय हे पाहून तिथल्या नगरपालिकेने वरून आदेश नसताना गोळ्या वाटल्या. वरिष्ठ कार्यालयाने परत घ्यायला सांगितल्या, त्यांनी घेतल्या नाहीत. बाकी बहुतेक गावांत साठा होता आणि आदेशाची वाट बघत पडून राहिला. तुमच्या योजनेत गोळी वाटायचा अधिकार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आधीच लिहून दिला आहे का, हे पान उघडून बघा.

बसचा हिशोब

हलवायचं ठरलं की गणित करावं लागतं, आणि योजनांमध्ये ते क्वचितच केलेलं असतं. समजा बाधित तीन भागांत १२,००० माणसं आहेत. ४० टक्के आपापल्या रिक्षा-मोटारसायकल-टेम्पोने जातील. उरले ७,२००. एसटीच्या ४४ आसनांच्या गाडीत गाठोड्यांसकट ५० माणसं धरा. झाल्या १४४ फेऱ्या. पाड्यावर माणसं चढवून महामार्गावर मनोरच्या बाजूला सोडून परत यायला अडीच तास लागत असतील आणि काम पाच तासांत संपवायचं असेल, तर एका गाडीच्या दोनच फेऱ्या होतील. म्हणजे ७२ गाड्या; बंद पडणाऱ्या धरून ८०. रात्री दोन वाजता पालघर, बोईसर आणि डहाणू आगारांत मिळून किती गाड्या उभ्या असतात आणि किती चालक तिथेच झोपलेले असतात, हे विभाग नियंत्रकांना विचारून आकडा लिहा. कमी पडतील त्या बोईसर एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बस आणि शाळांच्या बस. त्यांच्या मालकांचं संमतीपत्र आधी घ्यायचं. चालकाला त्याचं स्वतःचं कुटुंब आधी सुखरूप पोचवल्याशिवाय गाडीवर बसवता येत नाही, हे मान्य करून योजना करा.

एकेरी वाहतुकीसाठी बोईसर-चिल्हार रस्ता आणि पालघर-मनोर रस्ता दोन्ही धरा आणि पावसाळ्यात कोणता पूल पाण्याखाली जातो ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. पश्चिम रेल्वेचा मुंबई-दिल्ली मार्ग बोईसरमधून, म्हणजे नियोजन क्षेत्रातून जातो. गाड्या पालघर आणि डहाणू रोड इथे रोखायच्या का, रोखल्यावर त्यातल्या प्रवाशांचं काय, याचं एक पान रेल्वेबरोबर ठरलेलं असावं.

रुग्णालयं आणि वृद्धांना घाईने हलवू नका. फुकुशिमात फुताबा रुग्णालय आणि त्याच्या शेजारच्या वृद्धाश्रमातले रुग्ण नीट सोय नसताना बसने तासन्‌तास फिरवले गेले आणि चाळीसहून अधिक दगावले. किरणोत्सर्गाने त्यांतला कोणी गेला नव्हता. अशा रुग्णांना पक्क्या इमारतीत ठेवून, डॉक्टर आणि ऑक्सिजन असलेली गाडी आणि पुढे घेणारं रुग्णालय निश्चित झाल्यावरच हलवणं बरं.

त्याच अपघातातला आणखी एक धडा क्षेत्राच्या आकाराचा. ११ मार्चच्या रात्री आधी २ किमी, मग ३, दुसऱ्या दिवशी पहाटे १० आणि संध्याकाळी २० असं वर्तुळ वाढत गेलं. काही लोकांना तीन-चार वेळा उठवावं लागलं. नामिए गावचे लोक ज्या डोंगराळ भागात गेले तिकडेच ढग गेला. अंदाज सांगणारी संगणक प्रणाली होती, तिची माहिती गावापर्यंत पोचली नाही. शिवाय ओकुमा इथलं आणीबाणी केंद्र भट्टीपासून ५ किमीवर, हवा गाळण्याची सोय नसलेलं. ते १५ मार्चला सोडून द्यावं लागलं. जिल्ह्याचा पर्यायी नियंत्रण कक्ष १६ किमीच्या बाहेर, आणि शक्यतो वेगळ्या दिशेला हवा तो यासाठी.

सांगायचं कसं

बोईसरला देशातली एक मोठी रासायनिक औद्योगिक वसाहत आहे आणि तीही याच १६ किमीत येते. तिथे भोंगा वाजला की लोकांच्या डोक्यात वायुगळती येते, आणि वायुगळतीत वाऱ्याला आडवं होऊन लांब जायचं असतं. अणु-आणीबाणीत पहिलं पाऊल बहुतेक वेळा आत जाण्याचं. एकच भोंगा दोन उलट गोष्टी सांगू शकत नाही. भोंग्यानंतर दोन मिनिटांच्या आत शब्द ऐकू आले पाहिजेत: मोबाइलवरचा सेल ब्रॉडकास्ट, पोलीस गाडीचा कर्णा, मशिदी-मंदिरांचे लाउडस्पीकर, पाड्यांवर कोतवालाची दवंडी.

मजकूर आधीच लिहून, लॅमिनेट करून पोलीस पाटलांकडे द्यावा. असा:

“जिल्हाधिकाऱ्यांची सूचना. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पात आणीबाणी आहे. (गावाचं नाव) इथल्या सगळ्यांनी आत्ता शाळेत किंवा पक्क्या घरात जावं. दारं-खिडक्या, पंखे बंद करा. गुरं गोठ्यात घ्या, विहीर झाका. उघड्यावरचं पाणी, भाजी, दूध, वाळत घातलेली मासळी खाऊ नका. मुलं शाळेतच सुरक्षित आहेत, आणायला जाऊ नका. गोळी आशाताई देतील, सांगितल्याशिवाय घेऊ नका. पुढची सूचना अर्ध्या तासात.”

‘घाबरू नका’ हे शब्द यात मुद्दाम नाहीत. त्यातून काय करायचं ते कळत नाही, आणि सरकारी तोंडातून ते आले की लोक हमखास घाबरतात. मुलांबद्दलचं वाक्य मात्र गाळू नका. ते नसेल तर सगळे पालक शाळेच्या दिशेने निघतात आणि बसचा रस्ता अडतो. वारली पाड्यांवर हाच मजकूर वारलीत, बोईसरच्या कामगार वस्त्यांत हिंदीत. अर्ध्या तासात नवीन काही नसेल तरी ‘बदल नाही’ एवढं सांगायचंच. जिल्हा कक्षाचा १०७७ हा क्रमांक पहिल्या दहा मिनिटांत अडकेल, म्हणून किमान सहा लाईन आणि सहा माणसं तिथे हवीत.

मोजमाप

ढग गेल्यावर जमिनीवर काय बसलंय हे मोजायचं. प्रकल्पाजवळची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा, भाभा केंद्राची फिरती पथकं, हेलिकॉप्टरवरची गॅमा यंत्रणा आणि देशभर बसवलेली स्वयंचलित मापनकेंद्रं हे काम करतात. जिल्ह्याच्या पथकाला फक्त वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. मापक पॉलिथिनच्या पिशवीत घालायचं, नाहीतर तेच दूषित होतं आणि पुढचं प्रत्येक वाचन फुगतं. जमिनीपासून १ मीटर उंचीवर धरायचं, झाडाखाली किंवा पन्हळीखाली नाही. वेळ, जागा, आकडा आणि एकक लिहायचं. एककाची चूक सर्वांत महाग: मिलि आणि मायक्रोमध्ये हजारपट फरक आहे, आणि काही जुनी मापकं अजून मिलिरॉन्टजेनमध्ये दाखवतात (१०० मिलिरॉन्टजेन म्हणजे साधारण १ मिलिसिव्हर्ट). पार्श्वभूमी, म्हणजे एरवीही असणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग, ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असते. आंतरराष्ट्रीय पातळ्या लक्षात ठेवायला सोप्या आहेत: ताशी १,००० मायक्रोसिव्हर्टच्या वर असेल तर तिथली माणसं लगेच हलवा; १०० च्या वर असेल तर स्थानिक अन्न ताबडतोब बंद करून आठवड्या-महिन्यात हलवायची तयारी करा; पार्श्वभूमीपेक्षा १ ने जास्त असेल तर तपासणी होईपर्यंत तिथलं दूध, पालेभाजी आणि पावसाचं पाणी थांबवा.

शेवटची पातळी १६ किमीच्या खूप पलीकडे लागू होऊ शकते. तारापूरच्या बाबतीत गुजरात आणि दमणची हद्द त्यात येते, आणि मुंबईला जाणारं दूध-भाजीही. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइडचे जे कर्करोग झाले, त्यांचं मुख्य कारण वेळेत न थांबवलेलं दूध. गाईने चरलेल्या गवतातून आयोडीन एक-दोन दिवसांत दुधात उतरतं, म्हणून गुरांना आधी साठवलेला कोरडा पेंढा द्यायचा. आयोडीन-१३१ चं अर्धआयुष्य आठ दिवसांचं. तेव्हा थांबवलेलं दूध ओतून द्यायलाच हवं असं नाही. पावडर करून तीन महिने वेगळी ठेवली तर आयोडीन हजारांश उरतं. सिझियम असेल तर ही पळवाट नाही, त्याला निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात.

माणसांची तपासणी हा वेगळा डोंगर. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये टाकून दिलेलं सिझियमचं यंत्र फुटलं, तेव्हा १ लाख १२ हजार लोक तपासून घ्यायला आले आणि दूषित सापडले २४९. तेवढी रांग रुग्णालयाच्या दारात लागली तर खरा जखमी आत जाऊ शकत नाही. तपासणी केंद्र मैदानात ठेवा, रुग्णालयापासून लांब. आत येणं एका बाजूने, जाणं दुसऱ्या बाजूने. बाहेरचे कपडे काढून पिशवीत बांधले की दूषितपणाचा मोठा भाग तिथेच जातो; मग कोमट पाणी आणि साबण, खरवडून घासणं नाही. त्यामुळे केंद्रावर मापकांपेक्षा आधी लागतात ते बदलायचे कपडे आणि स्त्रियांसाठी आडोसा. ते नसतील तर लोक कपडे काढायला तयार होत नाहीत, आणि तिथेच सगळं अडतं. गंभीर जखमीवर आधी उपचार, दूषितपणाचं नंतर.

तालीम

कागदावरची तालीम आणि खरी तालीम यातला फरक ओळखायचा असेल तर चार गोष्टी अचानक करून बघा: जिल्हाधिकारी दौऱ्यावर आहेत असं धरा, मोबाइल बंद आहेत असं धरा, मध्येच वारा फिरवा आणि एका शाळेची किल्ली ‘हरवा’. फोनयादी दर तीन महिन्यांनी प्रत्येक क्रमांक लावून तपासायची. बदल्या मे-जूनमध्ये होतात, म्हणून जुलैची तपासणी चुकवू नका. यादीत नावाआधी पद लिहा. तालमीनंतरच्या अहवालात त्रुटीसमोर जबाबदार माणूस आणि तारीख नसेल तर ती त्रुटी दोन वर्षांनी तशीच पुन्हा दिसते.

भट्टी नसलेल्या जिल्ह्यासाठी

बाकीच्या जिल्ह्यांना धोका येतो तो भंगारातून, कारखान्यातल्या रेडिओग्राफी यंत्रातून, रस्त्यावर उलटलेल्या गाडीतून. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत लिलावात विकलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण भंगारवाल्यांनी फोडलं; एकाचा जीव गेला. तीन पात्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेली जड, शिशाची पेटी दिसली की हात लावायचा नाही, कापायची नाही, खिशात घालायची नाही. पेटी फुटलेली किंवा उघडी वाटत असेल तर ३० मीटर, सांडलेलं दिसत असेल तर १०० मीटर आणि आग किंवा धूर असेल तर ३०० मीटर मोकळं करा. आत गेलेल्यांची नावं लिहून त्यांना तिथेच बाजूला बसवा, घरी पाठवू नका. मग ११२ आणि १०७७. जिल्हा कक्षाने पुढे अणुऊर्जा विभागाच्या मुंबईतल्या नियंत्रण कक्षाला कळवायचं. त्यांचं जवळचं प्रतिसाद केंद्र माणसं आणि मापकं घेऊन निघतं. तोवर अग्निशमन दलाने पाण्याचा मारा करून ती जागा ‘धुवायची’ नाही, कारण पावडर असेल तर ती गटारात जाते आणि ३० मीटरचं काम अख्ख्या वस्तीचं होऊन बसतं.